डाव्या तळहातावर

मुरुड, जि. लातूर
३ जून २०२५

ती. शिवकांताअक्का,
शरणु शरणार्थी.

फोनवर आपलं जमणार नाही. तुझ्या कानातलं मशीन शिट्ट्या मारतं, मी इकडून ओरडतो, आणि जगदेवी स्वयंपाकघरातून माझ्यावर ओरडते की ओरडू नका, छातीत स्टेंट बसवलाय. आपल्या नवऱ्याला शांत राहायला सांगताना ही बाई जेवढी ओरडते तेवढं मी उभ्या जन्मात ओरडलो नाही. म्हणून कागद घेतला.

आज सोळा दिवस झाले. सोळा दिवस मी खुर्चीत आहे आणि अंगात नुसत्या मुंग्या आहेत. उठतो, ओसरीत जातो, परत येतो, नाडी बघतो, पुन्हा उठतो. दुकान घरापासून दोनशे पावलांवर. पण रुद्रेश म्हणतो, "आप्पा, तुम्ही यायचं न्हाई. आलात तर नुसतं बसायचं, पाइपाला हात लावायचा न्हाई." निम्म्या तालुक्याला मोटारी आणि ड्रिपच्या नळ्या मी विकल्या, आणि मी पाइपाला हात लावायचा नाही! पोरगं माझंच आहे, म्हणून ऐकून घेतो.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. लातूरला मला आत नेताना तिथली नर्स म्हणाली, गळ्यातलं काढा. मी म्हटलं, बाई, हे इष्टलिंग आहे, लहानपणापासून अंगावेगळं केलेलं नाही. ती म्हणाली, "काका, चांदीची डबी आत चालत न्हाई." शेवटी डबीतून काढून रुद्रेशच्या हातावर दिलं. त्याने मूठ मिटली आणि दाराबाहेर उभा राहिला. सव्वा तास. बाक रिकामा होता तरी बसला नाही, असं जगदेवी सांगत होती. मी आत पडद्यावर माझीच नस बघत होतो. डॉक्टर म्हणत होते, "बघा काका, वाट मोकळी झाली," आणि माझ्या डोक्यात एकच, पोराने मूठ उघडली तर नसेल?

तू तीस वर्षं दवाखान्यात सिस्टर होतीस. मला सरळ सांग. ही जाळी आत हलते का? डाव्या कुशीवर झालो की टोचल्यासारखं वाटतं. आणि दुसरं, वाट मोकळी झाली म्हणतात तर मग रक्त पातळ करायच्या दोन-दोन गोळ्या रोज, त्याही वर्षभर, कशाला? फुटक्या पाइपाला सॉकेट बसवला, पाणी सुरू झालं, काम संपलं. मी माझ्या गिऱ्हाइकाला वर्षभर दारी बोलावत नाही.

तुझा,
शरणू


नांदेड
९ जून २०२५

चि. शरणू,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आलं आणि रागही आला. राग जास्त.

जाळी हलत नाही. फुगा फुगवून ती नसेच्या भिंतीत दाबून बसवलेली असते. टोचतंय ते तुझं मन, त्याला गोळी नाही.

तू नसेला पाइप समजतोस, तिथेच चुकतोस. पाइप मेलेला असतो, नस जिवंत असते. तिला आतून पातळ अस्तर असतं, गालाच्या आतल्या बाजूसारखं गुळगुळीत. रक्त त्यावरून जातं म्हणून कुठे चिकटत नाही. तुझ्या नसेत चरबीचा गठ्ठा होता. तो फुग्याने भिंतीशी चेपला आणि जाळीने धरून ठेवला. रक्ताला वाट झाली, तुझी कळ गेली, हे खरंच. पण चेपताना ते अस्तर खरवडलं गेलं. आता तिथे उघडा धातू आहे, आणि उघडा धातू दिसला की रक्त त्याच्यावर गुठळी धरू बघतं.

तुझे कान टोचले होते ते आठवतं? सोनाराने तार घातली आणि तू चौथ्या दिवशी ओढून काढलीस. एक भोक पिकलं, एक बुजलं. तार घातली म्हणजे काम संपत नाही शरणू, भोकाच्या आत कातडी धरावी लागते. नसेचंही तसंच. तिचं अस्तर हळूहळू जाळीच्या तारांवर चढतं आणि जाळी भिंतीच्या आत जाते. त्यातही तुझ्या जाळीला औषधाचा लेप आहे. भिंतीने चिडून जास्तीचं मांस चढवू नये आणि वाट परत बुजवू नये म्हणून तो लेप. पण त्याच लेपामुळे अस्तर चढायला वेळ लागतो. तोवर राखण कोणी करायची? त्या गोळ्यांनी.

तू पाण्याचा माणूस, म्हणून अजून एक. जोडापाशी पाणी भोवरतं ना? रक्तही जाळीच्या टोकांशी थोडं भोवरतं, आणि जिथे ते सरळ वाहत नाही तिथली भिंत लवकर बिघडते. एक जागा दुरुस्त झाली म्हणजे सगळी नस नवी झाली नाही. तंबाखूची डबी जगदेवीकडे दे. खिशात ठेवून 'खात नाही' म्हणू नकोस.

मला तुझा भरवसा नाही. लहानपणी एरंडेल कुंडीत ओतायचास, ती तुळस वाळली. म्हणून हे पत्र मिळेल त्या दिवशी त्या दोन गोळ्यांतल्या मोठ्या गोळीची नवी पट्टी फोड. रोज दुपारी जेवणानंतर एक. दहा संपल्या की रिकामी पट्टी पाकिटात घालून मला पाठव. हसू नकोस.

मी बरी आहे. सृष्टीचं कॉलेज सुरू होईल आता, नात असली तरी माझ्यावर हुकूम सासूसारखा चालवते. पोस्टात मीच चालत जाते, तेवढंच फिरणं. वाटेत भाजीवालीपाशी दोन मिनिटं टेकते, गप्पा होतात.

तुझी,
अक्का


मुरुड
१९ जून २०२५

ती. अक्का,
शरणु शरणार्थी.

तुझं पत्र बारा तारखेला दुपारी मिळालं. त्याच घटकेला नवी पट्टी फोडली. ही घे रिकामी पट्टी, बघ, दहाच्या दहा. आता तरी म्हण शरणू शहाणा झाला.

कान टोचल्याचं मी जगदेवीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तवापासून कानाला काय लागूनच न्हाई राहिलं यांच्या." हसून हसून छातीत दुखेल म्हणून मी उठून ओसरीत गेलो.

अंगावर निळे डाग पडतात मात्र. कुठे हात आपटला की निळं, दाराची कडी लागली की निळं. दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं. रक्त पातळ करता करता ह्यांनी त्याचं पाणीच केलं की काय असं वाटतं. बसून बसून डोक्यात नाही नाही ते येतं. काल ओसरीतल्या ओसरीत चारशे फेऱ्या मारल्या, रुद्रेशने मोजल्या आणि मग चप्पल लपवून ठेवली.

ग्यानोबा येऊन गेला, आपला जुना गिऱ्हाईक, केळीवाला. त्याच्या ड्रिपच्या नळ्या क्षाराने बुजल्या होत्या, ॲसिड सोडायचं होतं. त्याच्याशी पाण्याच्या गोष्टी केल्या तेवढा एक तास माणसात असल्यासारखं वाटलं.

बाकी ठीक.

तुझा शहाणा,
शरणू


नांदेड
२३ जून २०२५

शरणू,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन, द्यावासा वाटला तर.

माझं पत्र तुला बारा तारखेला दुपारी मिळालं. तू पाकीट एकोणीसला टाकलंस. दोन्ही दिवस धरले तरी आठ होतात. आठ दिवसांत दहा गोळ्या कशा संपल्या?

तीस वर्षं मी पेशंटांच्या उशाखालच्या, खिडकीबाहेर टाकलेल्या, भातात दडवलेल्या गोळ्या शोधल्या. रिकामी पट्टी हातात घेतली की मला कळतं. रोज एक काढलेली पट्टी चुरगळलेली असते, खिशात, डब्यात फिरलेली असते. तुझी पट्टी कडक इस्त्रीची. एका बैठकीत सगळ्या गोळ्या दाबून काढल्यास. कुठे टाकल्यास? ह्या वेळी कोणती तुळस?

आता ऐक. आबांचा रेडिओ तू मोडलास तेव्हा तू सात वर्षांचा होतास. आबांनी मारलं नाही. तुझ्या डाव्या तळहातावर तुझं लिंग ठेवलं आणि म्हणाले, आता सांग. लिंग हातावर असताना आपल्या घरात कोणी खोटं बोललेलं नाही. तू खोटंही बोलेनास आणि खरंही. संध्याकाळपर्यंत हात पसरून तसाच बसलास, हाताला पेटके आले, शेवटी आईने रडत रडत लिंग उचलून तुझ्या गळ्यात घातलं.

तसाच बस. सकाळी पूजा झाली की लिंग डाव्या तळहातावर असू दे आणि उजव्या हाताने मला एकच ओळ लिही, 'मी दोन्ही गोळ्या रोज घेतो.' दुसरं काही लिहू नकोस.

मी रुद्रेशला आजच सांगू शकते. सांगत नाही, कारण तू घरचा मोठा आहेस आणि पोरासमोर तुझी मान खाली जाऊ नये. ही एकच संधी.

हे पत्र पोस्टात सृष्टी टाकेल. ऊन फार आहे, मी जात नाही.

अक्का


मुरुड
३० जून २०२५

अक्का,

तीन दिवस पूजेनंतर बसलो. लिंग हातावर घेतलं, पेन उचललं. ती ओळ लिहिता आली नाही. चौथ्या दिवशी हे लिहायला घेतलं. लिंग हातावरच आहे.

मोठी गोळी बारा जूनपासून बंद आहे. छोटी घेतो, ती खरोखर घेतो. त्या दहा गोळ्या न्हाणीच्या मोरीत टाकल्या.

झालं असं. बारा तारखेला जगदेवी महादेवाला गेली होती तेवढ्यात मी दुकानात गेलो. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, रुद्रेश बँकेत. एक इंचाचा तुकडा कापायचा, काय मोठं? करवतीचं पातं बोटाला लागलं. आयुष्यात शंभर वेळा लागलंय, फडकं बांधलं की झालं. ह्या वेळी अर्धा तास रक्त थांबेना अक्का. फडकं भिजलं, दुसरं भिजलं. आपण उघड्यावर पडलेल्या नळीसारखे वाहून जातो की काय असं वाटलं. ग्यानोबा समोरच होता, त्याने बोट दाबून धरलं. मी त्याला गोळ्यांचं सांगितलं. तो म्हणाला, "मालक, ॲसिड रोज सोडलं तर नळीच खाऊन टाकतंय की! म्या वर्सातून दोनदा सोडतो, धुऊन काढतो, बास. तुमी रोजच सोडून राहिलाव."

मला ते पटलं. पटलं काय, माझंच वाक्य होतं ते. मीच त्याला शिकवलेलं. नळी बुजली की ॲसिड, मोकळी झाली की साधं पाणी. माझी नस तर डॉक्टरांनी मोकळी करून दाखवली होती, पडद्यावर बघितली मी. मग रोज रोज ॲसिड कशाला? ठरवलं, महिन्यातून आठ दिवस मोठी गोळी घ्यायची, बाकी दिवस छोटीवर भागवायचं. त्याच दुपारी तुझं पत्र आलं. पट्टी फोडली आणि मोरीत गेलो.

आज अठरा-एकोणीस दिवस झाले. हिरड्या बऱ्या आहेत, डाग गेले. छातीत काही नाही. म्हणजे माझंच बरोबर असं म्हणायला तोंड उघडतो आणि हातावरच्या लिंगाकडे बघून मिटतो. खरं सांगू? मला त्या रक्ताची भीती वाटली. बाकी सगळं नंतर सुचलं.

तू रागावली असशील. रागाव.

शरणू


नांदेड
३ जुलै २०२५

चि. शरणू,

तुझं पत्र आत्ता अकराला आलं. वाचून होताच सृष्टीकडून रुद्रेशला फोन लावला आहे. तुझी मान खाली गेली असेल तर जाऊ दे, माणूस राहील. आजच डॉक्टरांना विचारून मोठी गोळी सुरू करायची, उद्यापासून नाही. छातीत जरा भरून आलं, घाम सुटला, हात जड झाला, तर पंचांग न बघता लातूर गाठायचं.

ॲसिड क्षार खातं, नळीही खातं. ही गोळी काहीच खात नाही. रक्तात गुठळी धरणारे कण असतात, त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही एवढंच. तुझं बोट अर्धा तास वाहिलं तीच गोळी काम करत असल्याची खूण होती! बोट बाहेरून दाबून धरता येतं. आतली गुठळी कोणी दाबायची? रक्त जास्त जातंय वाटलं तर डॉक्टरांना सांगायचं असतं, ते गोळी बदलून देतात. ग्यानोबाला विचारायचं नसतं. दवाखान्यात तुला कोणी विचारू नकोस म्हटलं होतं का?

मी निवृत्त होण्याआधीच्या वर्षी वॉर्डात एक मास्तर आले होते. स्टेंट बसून तीन महिने. दाढ काढायची म्हणून आपल्याच मनाने गोळ्या थांबवल्या. रविवारी दाढ काढली, बुधवारी माझ्याकडे आले. चालत आले होते, मला नमस्कारही केला. पुढचं लिहीत नाही.

माझा हात आज कापतोय, अक्षर समजून घे. सकाळपासून जेवण वर येतं, जळजळतं, पित्त असेल. देव्हारा वरच्या खोलीतून खाली आणून घेतला, म्हाताऱ्या माणसाने कशाला जिने चढायचे. माझं सोड. गोळी घेतलीस का?

अक्का


लातूर
९ जुलै २०२५

ती. आत्या,
शरणु शरणार्थी.

सृष्टीला फोनवर सगळं सांगितलंय, तिने तुम्हाला सांगितलंही असेल. पण आप्पा म्हणतात, "अक्काला कागदावरच लिही, तिला फोनचं पटत न्हाई." म्हणून लिहितो.

तुमचा फोन आला त्याच संध्याकाळी डॉक्टरांना विचारून गोळी सुरू केली. तरी पाच तारखेला सकाळी पूजेला बसले असताना आप्पांना घाम सुटला. मला हाक मारली नाही. आईने देवघरात डोकावलं तर भिंतीला टेकून बसलेले, ओठ पांढरे. मुरुडहून लातूर मी कसं गाठलं ते मला आठवत नाही. स्टेंटच्या आतच गुठळी झाली होती. डॉक्टरांनी ती ओढून काढली, पुन्हा फुगा फुगवला. जीव वाचला. पण हृदयाचा एक भाग तेवढ्या वेळात गेला. आधी पंचावन्न टक्के काम करायचं, आता चाळीस. गोळी बंदच केली नसती तर काय झालं असतं, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

दारापाशी आप्पांनी स्वतःच लिंग काढून माझ्या हातावर ठेवलं. म्हणाले, "धर नीट. म्या खोटं बोललो अक्काशी." मी ह्या वेळीही बसलो नाही आत्या.

आता बोलतात, चिडतात, नर्सला पंपातलं शिकवतात. तुमची सगळी पत्रं मागवून घेतली आहेत, उशाशी आहेत.

आपला,
रुद्रेश


मुरुड
१ ऑगस्ट २०२५

ती. अक्का,
शरणु शरणार्थी.

महिन्याने हातात पेन धरतोय. दोन्ही गोळ्या रोज घेतो. दुपारी जेवण झालं की जगदेवी पाणी घेऊन समोर उभी राहते, मी गिळतो, तोंड उघडून दाखवतो. चौसष्टाव्या वर्षी बायकोला आ करून दाखवतोय. सोबत पट्टी पाठवतो, चुरगळलेली आहे, दिवस मोजून घे. वीस पावलं चाललो की थांबावं लागतं. अर्धा एचपीने पंप उतरला, आणि उतरवला मीच. दुसऱ्याने कोणी केलं असतं तर त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. स्वतःच्या काढायच्या तर त्यात आबा येतात.

पण हे पत्र माझ्यासाठी नाही.

दवाखान्यात उठायला परवानगी नव्हती. वेड लागायची वेळ. तुझी तिन्ही पत्रं चादरीवर एकाखाली एक मांडली आणि वाचत राहिलो, किती वेळा कोण जाणे. पहिल्यांदा वाचली ती माझ्या गोळ्यांसाठी. मग दुसरंच दिसायला लागलं.

नऊ जूनला तू पोस्टात चालत जात होतीस, वाटेत भाजीवालीपाशी टेकत होतीस. ज्या भाजीवालीला तू वीस वर्षं चोर म्हणतेस, तिच्याशी गप्पा? तेवीस जूनला सृष्टी पोस्टात जाते, ऊन फार म्हणून. त्या आठवड्यात नांदेडला ऊन नव्हतं अक्का, ग्यानोबाची सोयरीक तुमच्या शेजारच्या अर्धापूरला आहे, आभाळ गच्च होतं म्हणे. तीन जुलैला देव्हारा खाली आला. जिना नको. जेवल्यावर जळजळतं, पित्त म्हणे. आणि त्याच पत्रात अर्ध्यावर तुझं अक्षर खाली उतरलंय.

शेताच्या शेवटच्या ओळीला पाणी पोचेना झालं की शेतकरी आधी ऊन म्हणतो, मग जमीन म्हणतो, मग रोपच वाईट म्हणतो. पंपाकडे शेवटी बघतो. चाळीस वर्षं मी हेच ऐकलं आणि चाळीस वर्षं पंपच खोलला. माझ्या स्वतःच्या बाबतीत माझी विद्या उलटी गेली, कबूल. नस पाइप नसते, तेही कबूल. पण पाणी कुठे पोचत नाही हे मला कळतं.

तू माझ्या पट्ट्या मोजत बसलीस. तुझं कोण मोजतंय?

उद्या पूजा झाली की लिंग डाव्या तळहातावर घे आणि उजव्या हाताने मला एकच ओळ लिही, 'माझ्या छातीत दुखत नाही.' दुसरं काही लिहू नकोस. पत्र आलं नाही तर मी निघालो असं समज. डॉक्टर नको म्हणाले तरी.

शरणू


नांदेड
६ ऑगस्ट २०२५

चि. शरणू,
अनेक आशीर्वाद. आज आधीच देते.

लिंग डाव्या तळहातावर आहे. तू सांगितलेली ओळ लिहिता येत नाही.

दुखतं. फेब्रुवारीपासून दुखतं. तेव्हाच इथल्या डॉक्टरांनी अँजिओग्राफी करा म्हणून लिहून दिलं. तो कागद मी पोथीत ठेवला आणि पोथी मिटली. सृष्टीची परीक्षा होऊ दे म्हटलं. मग तुझं झालं, तुला बरं वाटू दे म्हटलं. कारणं काढायला आपल्या घराण्यात कोणाला शिकवावं लागत नाही. तुला मी ॲसिडवरून एवढं बोलले आणि स्वतः पित्ताच्या पुड्या पाण्यात घालून पीत होते. पेशंटने सांगितलं असतं तर त्याला मी वॉर्डभर ऐकू जाईल असं झापलं असतं.

तुला भीती रक्ताची वाटली. मला त्या टेबलाची वाटते. त्या टेबलावर मी किती माणसं नेली आणि 'काही नाही होत' म्हणाले. ते बोलणं कसं असतं ते मला माहीत आहे शरणू. मला ते कोणी म्हटलं तर मी त्यावर विश्वास ठेवू शकणार नाही.

आणि एक राहिलं. तेवीस जूनला तुझी पट्टी बघून मला सगळं कळलं होतं. तेव्हाच रुद्रेशला फोन करायला हवा होता. तुझा मान राखला आणि दहा दिवस घालवले. तुझ्या हृदयाचे ते पंधरा टक्के माझ्याही नावावर आहेत. तू नाही म्हणशील, पण म्हणू नकोस. लिंग हातावर आहे म्हणून लिहिते आहे.

काल सृष्टीला सांगितलं. ती रडली, मग चिडली, मग तिच्या बापाला, वीरेशला, हैदराबादला फोन लावून त्याच्यावरही चिडली. तो बुधवारी येतोय. गुरुवारी, चौदा तारखेला सकाळी, मला आत नेतील. गरज असली तर जाळी त्याच वेळी बसवतील, आणि मग वर्षभर मीही पट्ट्या मोजेन. तुला पाठवेन. मोजून घे.

तुझ्या डॉक्टरांना विचार. हो म्हणाले तर रुद्रेशच्या गाडीने ये, सावकाश, मध्ये लोह्याला थांबून. वीरेश आहे, सृष्टी आहे, पण त्यांना सवय नाही. डबी आत चालत नाही हे तर तुला ठाऊकच आहे. माझं लिंग मी तुझ्या हातावर देणार आहे.

उभा राहू नकोस. रुद्रेश उभा राहिला ते वय वेगळं, तुझं हृदय आता उभं राहायचं नाही. बाकावर बस, दुपारची गोळी वेळेवर घे, पाणी उजव्या हाताने पी. मी बाहेर येईपर्यंत डावी मूठ तेवढी उघडू नकोस.

तुझी,
अक्का